मोशीच्या फ्लॅटमधला फ्रिज

ही हकीकत ओळखीतल्या कुणाच्या ओळखीतल्याची नाही. माझ्या सख्ख्या दाजींची आहे.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. आडरानही नव्हतं. मोशीतल्या नव्या सोसायटीचा चौथा मजला, मे महिना आणि भर दुपार. खाली पाण्याचा टँकर रिकामा होत होता, समोरच्या बिल्डिंगला रंग चालू होता. अशा ठिकाणी हे घडलं.

जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवण उरका. हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

दाजींचं नाव साहेबराव. मूळचे जालन्याकडचे. चाकणच्या एका कंपनीत बारा वर्षं फ्रिजच्या लाइनवर होते. मग नोकरी सोडून चिखलीत स्वतःचं रिपेअरिंगचं दुकान टाकलं. आजकालच्या फ्रिजमध्ये गॅसपेक्षा कार्डाची भानगड जास्त असते. कार्ड म्हणजे मागच्या बाजूला बसवलेला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड. पंखा कधी फिरवायचा, दिवा कधी लावायचा, दार उघडं राहिलं तर कधी ओरडायचं, सगळं तोच ठरवतो. बाकीचे मेकॅनिक कार्ड बघितलं की हात वर करतात आणि दाजींना फोन लावतात. दाजी तापट नाहीत, बडबडे नाहीत. मीटर लावतात, आकडा बघतात आणि आकडा सांगेल तेच बोलतात. भुताखेतांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

नव्हता, असंच म्हणावं लागेल.

गेल्या वर्षीचा मे. बुधवारी सकाळी त्यांना मोशीहून फोन आला. दिव्या नावाच्या मॅडम होत्या. नवरा चाकणला कंपनीत, फर्स्ट शिफ्टला गेलेला. त्या स्वतः घरूनच ऑफिसचं काम करायच्या.

दाजी अकराला पोचले. सोफ्यावर त्यांची अडीच वर्षांची मुलगी, इरा, आडवी पडली होती. हाताच्या मनगटाला सलाइनची पट्टी तशीच चिकटलेली. काल संध्याकाळीच तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं.

"काय होतंय फ्रिजला?" दाजींनी विचारलं.

"रोज दुपारी एक दहाच्या सुमाराला ओरडतो," दिव्या म्हणाल्या. "दार उघडं राहिलं की वाजतो ना, तसा. पण दार बंद असतं. दहा-पंधरा मिनिटं वाजतो आणि आपोआप थांबतो."

"रोज त्याच वेळेला?"

"रोज. रविवारीसुद्धा."

"आणि थंड होतो का?"

"थंड होतो. पण आतलं खराब होतं."

"खराब म्हणजे, आंबतं?"

दिव्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत हळूच म्हणाल्या...

"आंबत नाही दादा. उष्टं होतं."

दाजींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग दिव्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले.

दह्याचं भांडं. वरची साय गायब, आणि दह्यावर रुंद, ओले ओरखडे. चमच्याचे नव्हते. चमच्याला कडा असते. हे जिभेनं चाटल्यासारखे होते.

भाताचा डबा. भात कसला, लगदा. चावून चावून मऊ केलेला आणि परत ठेवलेला. मधूनमधून चिकट तारा.

पोळ्या. कडेनं भिजलेल्या, चोखलेल्या. दाताची खूण मात्र कुठंच नाही.

"डब्याला लॅच होती," दिव्या म्हणाल्या. "चारी बाजूंनी लावलेली. मला आधी वाटलं, कामाला येणाऱ्या मावशी करतात. मी त्यांना काढून टाकलं. त्या रडत होत्या. मग कळलं, त्या नसतानाही होतंय. त्यात परवा इरा फ्रिजमधलं दूध प्यायली. दोन दिवस नुसत्या उलट्या."

दाजींचं डोकं मेकॅनिकचं. त्यांनी हिशोब लावला. दार उघडं आहे असा कार्डाचा गैरसमज झाला की ते आतला पंखा बंद करतं. दिवा चालू राहतो. थंडी खाली उतरत नाही, उकाडा धरतो, ओल सुटते, अन्नाला तार येते. एवढंच. मे महिना आहे. लोकांना भास होतात.

त्यांनी फ्रिज उघडला.

आणि पाऊल मागं घेतलं.

वास सडक्या भाजीचा नव्हता. मेलेल्या उंदराचाही नव्हता. तो वास त्यांना ओळखीचा होता, पण फ्रिजमध्ये कधी आला नव्हता. म्हाताऱ्या माणसाची कवळी रात्रभर ज्या पाण्यात ठेवतात, त्या पाण्याचा वास. उपाशी तोंडाचा. तोही थंडगार.

तोंडाला रुमाल बांधून ते कामाला लागले. सेन्सर तपासला, बरोबर. दाराचा स्विच तपासला. दार बंद केलं की तो दाबला जातो, उघडलं की सुटतो. मीटरवर आकडा बरोबर. दाराचं रबर बघितलं. हँडलच्या बाजूला खाली वीतभर तुकडा वेगळ्या पांढऱ्या रंगाचा होता. जुनं रबर कापून कुणीतरी जोड दिलेला.

"सेकंड हँड आहे का?"

"हो. नोव्हेंबरमध्ये घेतला. दुकानदार म्हणाला, एकाच घरी वापरलेला आहे."

दारावर लाकडी डिझाइनचा स्टिकर चिकटवलेला होता. जुने ओरखडे झाकायला दुकानदार असे स्टिकर लावतातच.

दाजींनी आतलं पंख्याचं कव्हर काढलं आणि मागं हात घातला. बर्फ वितळल्यावर पाणी जायची जागा तिथं असते. तिथं त्यांची बोटं कशात तरी रुतली. मऊ... कोमट...

फ्रिजच्या आत, जिथं बर्फ असायला हवा, तिथं कोमट.

हात बाहेर काढला तर बोटांना पांढुरका बुळबुळीत चिकटा. बोटं फाकवली तशा तारा ताणल्या गेल्या. त्यात भाताची दोन शितं. लाळ असते ना, झोपेत उशीवर सांडलेली, ती तशीच्या तशी. बेसिनमध्ये जाऊन त्यांनी भांड्याच्या साबणानं तीन वेळा हात धुतले. वास गेला नाही.

ते एक दहाची वाट बघत थांबले. स्विचच्या वायरींना मीटरच्या पिना लावल्या, वायरी रबराखालून बाहेर काढल्या आणि दार घट्ट लावलं. मीटर हातात धरून ते समोर स्टूलवर बसले. दिव्या इराला घेऊन बेडरूमच्या दारात उभ्या.

एक वाजला.

एक पाच.

एक नऊ. आकडा जागेवर. स्विच दाबलेला. दार बंद.

एक दहा...

मीटरचा आकडा उडाला. दार उघडलं, असं मीटर सांगत होतं. आणि दार त्यांच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, बंद होतं.

दोन मिनिटांनी फ्रिज ओरडायला लागला. पीं. पीं. पीं.

दाजींनी दारावर हात दाबून धरला. दार बंदच होतं. तरी आतून, त्या पत्र्यामागून, त्यांच्या तळव्याला काहीतरी जाणवत होतं. बारीक. लयीत. दाजी म्हणाले, कॉम्प्रेसरची थरथर मला झोपेतसुद्धा ओळखू येते. ती ही नव्हती.

त्यांनी मॅडमना काही सांगितलं नाही. "स्विच आणि कार्ड दोन्ही बदलू. परवा येतो. तोवर यात मुलीचं काही ठेवू नका," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. घास तोंडाजवळ नेला की बोटांचा वास यायचा. ताईनं विचारलं तर म्हणाले, ऊन लागलंय.

शुक्रवारी साडेअकराला दाजी नवीन कार्ड घेऊन गेले. जुनं काढलं, नवीन बसवलं. स्विच तर काढूनच टाकला आणि त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून वर टेप गुंडाळली. म्हणजे आता दार सताड उघडं ठेवलं तरी कार्डाला ते बंदच दिसणार. ओरडायचा प्रश्नच नाही.

त्यांनी करून बघितलं. दार पाच मिनिटं उघडं ठेवलं. फ्रिज गप्प.

दिव्यांनी सकाळच्या पोळ्यांचा डबा मधल्या कप्प्यात ठेवला. त्यांनीच ठरवलं होतं, खात्री करायला. दाजींनी दार लावलं.

एक दहा...

एक बारा...

पीं. पीं. पीं.

"दादा," दिव्या म्हणाल्या. आणि त्यांनी इराला कडेवर घेतलं.

दाजींच्या पाठीवर घाम आला. तरी डोकं चालू होतं. आता उरला दारातला डिस्प्ले. टेंपरेचर दाखवणारं छोटं कार्ड दाराच्या पत्र्यामागं असतं आणि शिट्टी त्यातच असते. ते काढायचं तर दारावरचा स्टिकर सोलावा लागणार. त्यांनी ब्लेडनं कोपरा उचकटला आणि ओढला. लाकडी कागद टर्रकन सुटत गेला. खाली मूळचा लाल रंग.

आणि हँडलच्या वर, लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेली चार भोकं.

दोन दारावर. दोन बाजूच्या पत्र्यावर. आणि दाराच्या भोकांशेजारी एक पाचवं, चुकलेलं, तिरकं. त्या चुकलेल्या भोकापासून तीन बोटं लांबीचा, विळ्यासारखा वाकडा ओरखडा.

दाजी त्या ओरखड्याकडं बघत राहिले.

तो ओरखडा त्यांच्याच हातचा होता.

तीन वर्षांपूर्वी निगडी प्राधिकरणात एका घरी त्यांनी फ्रिजला कडी-कोयंडा बसवून दिला होता. कुलूप लावायला. घरमालक श्याम म्हणाला होता, आईला शुगर आहे, आम्ही दोघं ड्यूटीवर गेलो की ऐकत नाही, गोड खाते. भोक पाडताना दाजींचं ड्रिल घसरलं होतं. नव्या फ्रिजला ओरखडा पडला म्हणून श्याम त्यांना बरंच बोलला होता. म्हणून तो लक्षात राहिला.

पीं. पीं. पीं.

दाजींनी डिस्प्लेची वायर उपटली.

शिट्टी थांबली.

घर एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत... शिट्टीच्या खाली इतके दिवस दबलेला दुसरा आवाज ऐकू यायला लागला.

चप... चप... चप...

ओला. संथ. दात नसलेलं तोंड भाकरी घोळवतं ना, तसा. मध्येच थांबायचा. गिळल्यासारखा घुटका. परत सुरू. चप... चप... आणि घास मोठा झाला की नाकानं जोरात घेतलेला श्वास.

आवाज आतून येत होता. पण कप्प्यांतून नाही. बाजूच्या पत्र्यातून.

दिव्यांच्या कडेवर इरा होती. तिनं पोटाशी हात नेला आणि शांतपणे म्हणाली, "आजी मंमं."

दाजींनी दार उघडलं. आवाज बंद. दिवा लागला. सगळं जागेवर. पोळ्यांचा डबा मधल्या कप्प्यात, चारी लॅच लावलेल्या.

त्यांनी डबा बाहेर काढला. वरचं झाकण गार होतं. बूड गरम. उघडला...

सात पोळ्यांचा चोथा. एकात एक मिसळून घट्ट गोळा. त्यावर बुडबुडे. आणि त्यातून वाफ निघत होती. कुणीतरी आत्ता, याच क्षणी तोंडातून काढून ठेवल्यासारखी.

दाजी बेसिनपर्यंत पोचले नाहीत. तिथंच ओट्याशी ओकले.

त्याच संध्याकाळी ते प्राधिकरणात गेले. बंगला तोच, पण श्यामच्या मजल्याला दुसऱ्या नावाची पाटी. शेजारच्या घरात सुमनताई नावाच्या रिटायर्ड शिक्षिका राहतात. दाजींनी त्यांना काही लपवलं नाही. मी इथं कुलूप बसवलं होतं, म्हणाले. सुमनताईंनी त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं. मग आत बोलावलं. पाणी मात्र दिलं नाही.

"छबूबाई नाव त्यांचं," सुमनताई म्हणाल्या. "शुगर होती, खरं आहे. थोडीशीच. पण शुगर असली म्हणून माणसाला कोणी कुलूप लावतं का? सकाळी दोन पोळ्या आणि अळणी भाजी टेबलावर ठेवून दोघं जायचे, ते सात वाजता यायचे. फ्रिजला कुलूप, कपाटाला कुलूप. मी गॅलरीतून वाटीभर काही द्यायचे. एके दिवशी सुनेनं बघितलं. दुसऱ्याच दिवशी गॅलरीला पत्रा मारला."

"मग?"

"मग मे महिन्यात दोघं दोन दिवस बाहेरगावी गेले. टेबलावर दोन दिवसांचं करून ठेवलं होतं. या उन्हात ते टिकणार होतं का? पहिल्याच दुपारी आंबलं असेल. त्यांनी तेही खाल्लं होतं. ताटाला बोटांचे ओरखडे होते. मी बघितलंय."

सुमनताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"फ्रिजच्या पुढं बसलेल्या सापडल्या. कुलूप होतं तसंच. तोंड दाराला लागलेलं. दात नव्हते हो त्यांना. तरी दाराचं रबर हिरड्यांनी सोलून काढलं होतं. वीतभर. डॉक्टरांनी तोंड उघडलं तेव्हा आत रबराचा लगदा निघाला."

दाजी आपल्या बोटांकडं बघत होते.

"डॉक्टरांनी हार्ट लिहिलं. आम्ही सगळे उभे होतो तिथं. मीही होते. कुणी काही बोललो नाही. तेराव्याच्या आत श्यामनं फ्रिज विकला."

दाजी उठले. जिना उतरताना त्यांनी श्यामला फोन लावला. नंबर होता त्यांच्याकडं.

"तुमचा जुना लाल फ्रिज मिळालाय," दाजी म्हणाले.

पलीकडून मग श्याम म्हणाला, "आईला शुगर होती हो." आणि फोन कट झाला. नंतर तो नंबर कधी लागला नाही.

शनिवारी सकाळी दाजींनी टेंपो आणला आणि फ्रिज उचलला. दिव्या आणि त्यांचा नवरा खाली गेटपर्यंत आलेसुद्धा नाहीत. दुकानात विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, डोळ्यांदेखत कापून घ्यायचा, असं दाजींनी ठरवलं होतं. चिखलीच्या पुढं भैरूचं भंगाराचं शेड आहे. जुना माणूस, तिथल्याच गावातला. रोज चार-पाच फ्रिज कापतो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. फ्रिजचा बाहेरचा पत्रा आणि आतलं प्लास्टिक, यांच्यामध्ये पोकळी नसते. कंपनीत तिथं फोम भरतात. तो फुगून दगडासारखा घट्ट बसतो. दाजींनी बारा वर्षं तेच काम केलंय. तिथं टाचणीसुद्धा सरकत नाही.

भैरूनं ग्राइंडर लावला. कुलपाच्या बाजूचा पत्रा उभा चिरला आणि पहारीनं उचकटला.

पत्रा उघडला... आणि भैरूच्या हातातून पहार गळाली.

आत फोम नव्हता. कोपरापासून बोटांपर्यंत हात मावेल एवढी जागा पोखरलेली. आणि त्या जागेत अन्न. ठासून भरलेलं. चावलेलं. गोळे करून, एकावर एक दाबून, पावसाळ्याची बेगमी करावी तसं रचलेलं. सगळ्यात खाली काळं, वाळून चामड्यासारखं झालेलं. त्यावर हिरवट, केसाळ. मग पिवळं, पाझरणारं. मेथीची भाजी ओळखू येत होती. साबुदाणा ओळखू येत होता. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचं गुलाबी क्रीम, लाळेत कालवलेलं. आणि सगळ्यात वर पोळ्यांचा ताजा चोथा.

वास इतका जाड होता की दाजी म्हणाले, तो नाकात शिरला नाही, जिभेवर येऊन बसला.

भैरू शेडच्या कोपऱ्यात जाऊन ओकला. तोंड पुसत आला.

"साहेबराव, ह्ये आत गेलं कुठनं?"

दाजींनी बघितलं. प्लास्टिकला चीर नाही. पत्र्याला भोक नाही. होती ती फक्त त्यांनी स्क्रूसाठी पाडलेली भोकं. त्यांतून फार तर तांदळाचा दाणा गेला असता, पण तीही लांबीनं बुजवलेली.

"आजून येक बघा," भैरू म्हणाला. आवाज बारीक झालेला. "मे म्हैना हाय. भंगाराचं शेड हाय. आन् ह्याच्यावर येक माशी न्हाई."

खरंच नव्हती. दहा पावलांवर उसाच्या चिपाडावर माश्यांचा थवा होता. इकडं एकही फिरकत नव्हती.

भैरूनं फावड्यानं तो ढीग खाली ओढला. मागं, पोकळीच्या अगदी टोकाला, काहीतरी चमकलं.

स्टीलची वाटी.

फ्रिज टेंपोत आडवा घालून आणला होता. खड्ड्यांतून आदळत. तरी वाटी सरळ उभी. आणि तिच्यात काठोकाठ दही. पांढरं शुभ्र. वर सायीचा अख्खा पापुद्रा, कुठं बोट लागलेलं नाही. आजूबाजूच्या त्या घाणीचा एक थेंबसुद्धा तिच्यात पडलेला नव्हता.

वाटीच्या कडेवर मशीननं नाव कोरलेलं होतं. श्यामचे बारसे. छबूबाई.

"टाकून द्या ते," भैरू म्हणाला. "हात लावू नका."

दोघांनी मिळून शेडमागं खड्डा केला. सगळं पुरलं, वर चुना टाकला. भैरू हातपाय धुवायला बोअरवर गेला. परत आला तेव्हा दाजींच्या हातात वाटी होती. धुतलेली. रिकामी. पिशवीत ठेवून ते घरी आले.

दिव्यांनी नवीन फ्रिज घेतला. तो नीट चालतो. इरा बरी आहे. काढून टाकलेल्या मावशींना दिव्यांनी दोन वेळा फोन केला, घरीही जाऊन आल्या. मावशी काही परत आल्या नाहीत.

हे सगळं दाजींनी आम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. घरात सगळ्यांना माहीत आहे. पण मागच्या महिन्यात मी चिखलीला गेलो होतो. ताई भाजी आणायला खाली गेली होती. दाजी आणि मी दोघंच. बोलता बोलता मी विचारलं, "दाजी, ती वाटी तुम्ही का आणली?"

ते मग खाली बघूनच बोलायला लागले.

"कुलूप बसवलं ना, त्या दिवशीची गोष्ट हाय. दुपारचा एक वाजून गेला होता. तो श्याम हॉलमध्ये फोनवर बोलत होता. म्हातारी स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली. मला म्हणली, गाव कोन्तं बाबा तुझं? मी म्हणलं, जालन्याकडचं. तिचं माहेर तिकडंच, अंबडकडं. म्हणली, जेवलास का? सकाळपासून नव्हतो जेवलो, खोटं कशाला बोलू. तर तिनं फ्रिजमधून वाटी काढली. दही होतं. म्हणली, सकाळीच लागलंय, घे. मी म्हणलं, तुमीच खा आजी. तर म्हणली, मला तो खाऊ देनार न्हाई. तू खा. कुनाच्या तरी पोटात जाऊ दे."

"मग?"

"खाल्लं. तिथंच उभ्यानं. अर्धं तिला ठेवावं असं मनात आलं होतं. ठेवलं नाही. मी खात होतो अन् ती माझ्या तोंडाकडं बघत होती. अन् तिचं तोंड हलत होतं. माझ्याबरोबर. रिकामं."

दाजींनी रुमालानं हात पुसले. हात कोरडेच होते.

"वाटी तिच्या हातात दिली. अन् मग कुलूप बसवलं."

खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. ताई आली असावी. मला एकच विचारायचं होतं आणि ते विचारायची मला भीती वाटत होती. तरी विचारलं.

"आणि भैरूच्या शेडमध्ये, वाटीत होतं ते दही? ते कुठं टाकलं?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं.

"टाकलं नाही."

म्हणजे दाजींनी ते खाल्लं होतं. तो ढीग, तो चोथा, तो वास, आणि त्याच्या मधोमध ठेवलेलं ते.

"दाजी, का पण?"

"नको म्हणवलं नाही."

कुणाला, ते मी विचारलं नाही. ताई पिशवी घेऊन आत आली, म्हणाली, आता जेवूनच जा. मी काहीतरी कारण सांगून निघालो.